रात्र कुठं काढायची : मिरज जंक्शनवरच्या एका मुलाचं प्रकरण

या मुलाला मी इथं बारक्या म्हणणार आहे. फलाटावरची पोरं त्याला वेगळ्याच नावानं हाक मारायची, आणि घरचं नाव त्यानं आम्हाला सातव्या महिन्यात सांगितलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कामाची पद्धत, चुका आणि वाद जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण हे लिहिण्याचं कारणच ते आहे.

जानेवारी २०२२, रात्रीचे दहा. मिरज स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडच्या मागं चार पोरं टायरचे तुकडे आणि खोक्यांचे पुठ्ठे जाळून शेकत बसली होती. रस्त्यावरच्या मुलांसाठीच्या कामात मी आणि माझा सहकारी आठवड्यातून तीन रात्री त्या बाजूला फिरत असू. मी शेकायला म्हणून पुढं सरकले, तर त्यातला सगळ्यात लहान चणीचा पोरगा ओरडला, "ओ मॅडम, लांब ऱ्हावा. हे पेट घेतंय." हुंगण्यासाठी पंक्चरच्या सोल्युशननं भिजवलेलं हातातलं फडकं त्यानं आगीपासून लांब धरलं होतं. त्याच्या शेजारच्या पोराच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. त्या सोल्युशनमधला टोल्यूइन नावाचा द्राव पेट्रोलसारखाच पेटतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. डागानं शिकवलं होतं.

मिरजेत उघड्यावर झोपणारी माणसं कुणाच्या नजरेत भरत नाहीत. हे दवाखान्यांचं गाव. वानलेस यांनी १८९४ साली इथं इस्पितळ उभं केलं, पुढं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली झाले. सीमेपलीकडून, कोकणातून, सोलापूरकडून पेशंट येतात आणि त्यांचे नातेवाईक फुटपाथवर सतरंजी टाकून झोपतात. त्या रांगेत चार पोरं आडवी झाली तर ती कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी पुतण्या वाटतात. मोठ्या शहरात अशी मुलं वेगळी दिसून येतात, इथं ती विरघळून जातात. म्हणून आकडा कुणी विचारला की मी सांगत नाही.

फॉर्ममधला रकाना

बारक्यानं वय अठरा सांगितलं. आवाज अजून फुटत होता. दिवसा भंगार आणि रिकाम्या बाटल्या, संध्याकाळी कधी केटरिंगवाल्याकडं पंगतीत वाढायला, आणि आठनंतर सोल्युशन. मुंबईकडून आलेली पोरं त्याला 'सुलोचन' म्हणायची, मिरजेतली सरळ 'ट्यूब'. नाकातोंडाभोवती पुरळ होतं, ओठांच्या कडा सोललेल्या, डोळे लाल. पायाला मुंग्या येतात असं तो म्हणायचा. ती तक्रार आम्ही तेव्हा थंडीच्या खात्यात टाकली. ते बरोबर नव्हतं: काही गोंदांत हेक्झेन असतं आणि ते हातापायांच्या नसा खातं.

आमच्याकडं एक फॉर्म होता. 'दिवसातून किती वेळा सेवन?' असा रकाना. बारक्या त्या प्रश्नाला हसला.

"दिवसातनं कुठं? रातचं. थंडीत दोन ट्यूबा लागत्यात, पावसात तीन. उरसात एकपण न्हाई."

उरसात का नाही, हे विचारायला मला तीन आठवडे लागले. मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याचा उरूस भरतो, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत रात्र-रात्र गाणं चालतं. दिवे विझत नाहीत. खायला मिळतं. माणसांची ये-जा असते, त्यामुळं कुणी अंगावर येत नाही. गाण्यातलं बारक्याला काही कळत नव्हतं, पण तो रात्रभर तिथं बसायचा आणि सकाळी झोपायचा. जवळ फडकं नसायचं.

आम्ही त्या रकान्यावर काट मारली आणि त्याच्या शेजारी एका महिन्याच्या रात्री लिहिल्या. कुठल्या रात्री किती, आणि ती रात्र कुठं काढली. महिन्याअखेर जे दिसलं ते कुठल्याही प्रशिक्षणात आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं. पार्सल ऑफिसच्या बाजूला झोपला की जास्त, कारण तिथं काठी बसते आणि मोठी पोरं खिसे तपासतात. पॅसेंजरच्या रिकाम्या डब्यात झोपला की कमी. केटरिंगच्या मांडवात भांड्यांशेजारी झोपायला मिळालं की शून्य. त्याची भूक, भीती, थंडी आणि डास ही सगळी रात्रीची कामं होती, आणि ती सगळी एकच वस्तू करत होती. वीस-पंचवीस रुपयांत.

इथं जरा थांबून सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये मेफेड्रोनचा, म्हणजे एमडीचा, मोठा साठा पकडला, आणि पुढं कित्येक महिने सांगलीत नशा म्हटलं की सगळे एमडीबद्दलच बोलत. शाळा-कॉलेजांतली भाषणं एमडीवर, फलक एमडीवर. ते गैर नाही. पण रस्त्यावरच्या पोराला एमडी परवडत नाही. सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि लहान मुलांत १.१७ टक्के निघालं. बाकी कुठल्याही नशेत मुलं मोठ्यांच्या पुढं नाहीत, फक्त हिच्यात आहेत. मदतीची गरज असलेल्या मुलांचा अंदाज ४ लाख ६० हजार. एवढं असून कुठल्याही छाप्याच्या बातमीत ट्यूब दिसत नाही, कारण ट्यूब जप्त करता येत नाही. ती गुंगी आणणारी असली तरी अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत नाही. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली मुलाला दारू, तंबाखू, अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण पंक्चरचं सोल्युशन त्या शब्दांत नीट बसत नाही. २०१२ मध्ये केंद्रानं बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली, तेव्हा पोरं ट्यूबकडं वळली. सायकलच्या दुकानात ट्यूब बंद करा म्हणणार कसं?

आम्ही दुकानं फिरलो. बहुतेकांनी "आम्ही पोरास्नी देत न्हाई" एवढं सांगून पाठ केली. एका म्हाताऱ्या सायकलवाल्यानं मात्र स्वतःच डोकं चालवलं. तो सुटी ट्यूब विकेनासा झाला. "पंक्चर हितंच काढतो, ज्याला पाहिजे त्यानं सायकल घिऊन यावं." बारक्याला त्यामुळं अर्धा किलोमीटर जास्त चालावं लागलं, इतकाच फरक पडला. तरी त्या म्हाताऱ्याचं नाव मी वहीत लिहून ठेवलं आहे.

आमची चूक

मार्च २०२२ मध्ये आम्ही मुलांच्या सुटकेची एक संयुक्त मोहीम घडवून आणली. 'घडवून आणली' हे क्रियापद मी मुद्दाम वापरते, कारण पत्र आमचं होतं. रात्री अकराला तीन बाजूंनी माणसं आली, शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी काठी आपटली. पोरं पळाली. बारक्यानं नुकतंच ओढलं होतं. तो रुळांच्या बाजूला धावला, खडीवर पडला आणि उठेना. दीड-दोन मिनिटं त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग श्वास आला.

नंतर एका डॉक्टरांनी मला जे समजावलं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. टोल्यूइनसारखे पदार्थ फुप्फुसातून काही सेकंदांत रक्तात जातात आणि हृदयाचे स्नायू अ‍ॅड्रिनलीनला फार हळवे करून ठेवतात. अशा वेळी मूल घाबरलं, पळालं, झटापट झाली तर अ‍ॅड्रिनलीनचा लोंढा येतो, ठोके विस्कटतात आणि हृदय बंद पडू शकतं. पहिल्यांदा हुंगणाऱ्याचंही. म्हणजे हातात फडकं असलेल्या पोराच्या मागं काठी घेऊन धावणं हा शिस्तीचा प्रकार नाही, ते जिवाशी खेळणं आहे. त्याला बसवायचं, हवा येऊ द्यायची, आवाज खाली ठेवायचा, फडकं हिसकायचं नाही. हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. तीन वर्षं या कामात असून माहीत नव्हतं.

त्या रात्री सात मुलं 'सुटका' या सदरात मोजली गेली. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं हजर केलं, बारक्याला बालगृहात पाठवलं. अकराव्या दिवशी तो भिंतीवरून गेला. मी त्याला नंतर विचारलं. मारलं का? नाही. उपाशी ठेवलं का? नाही, जेवण चांगलं होतं. मग?

"रातचं डोळं मिटत न्हवतं. सातला कडी लावायचे. सगळी झोपायची, मी एकटाच जागा. अंग चिडायचं. कुणाला सांगणार?"

सोल्युशन सुटताना पहिले काही दिवस झोप उडते, चिडचिड होते, मळमळतं, हात थरथरतात. दारूसारखी जिवावर बेतणारी सोड क्वचित असते, त्यावर हमखास असं औषध नाही, आणि म्हणूनच कदाचित तिच्याकडं कुणी आजार म्हणून बघत नाही. त्या अकरा रात्री कुणीतरी त्याच्याबरोबर जागायला हवं होतं. नोंदवहीत त्या रात्रींसमोर 'वर्तन: हट्टी' असं लिहिलेलं मी पाहिलं.

एक पॉइंट नऊ

जुलैत पाऊस लागला. एके दिवशी सकाळी दोन पोरं भंगाराचा हातगाडा ढकलत शासकीय रुग्णालयाच्या दारात आली, गाड्यात गोणपाटावर बारक्या. "ह्याच्यावरनं वारं गेलंय," असं ती सांगत होती. हात उचलत नव्हता, मान धरत नव्हती, शुद्ध मात्र पूर्ण होती. मला फोन आला तेव्हा मी लकवाच समजले.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं त्याच्या तोंडाभोवतीचं पुरळ पाहून थेट विचारलं, "ट्यूब ओढतोस?" रक्तात पोटॅशियम १.९ निघालं. असायला हवं ३.५ ते ५ च्या दरम्यान. टोल्यूइनमुळं मूत्रपिंडाला रक्तातलं आम्ल बाहेर टाकणं जमेना, त्या गडबडीत पोटॅशियम लघवीवाटे वाहून गेलं, आणि पोटॅशियम नसलं की स्नायू ओल्या कापडासारखे पडतात. ते आणखी उतरलं असतं तर श्वासाचे स्नायू गेले असते, नाहीतर हृदय. सलाइनमधून सावकाश पोटॅशियम, सोबत ईसीजीवर नजर. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं ग्लास धरला. तिसऱ्या दिवशी उठून बसला.

ईसीजीची पट्टी त्यानं मागून घेतली. एक पॉइंट नऊ हा आकडा तो नंतर सगळ्यांना सांगायचा, परीक्षेतल्या गुणांसारखा. मी महिनोन् महिने 'मेंदूवर परिणाम होतो', 'आयुष्य बरबाद होतं' असं बोलत होते आणि ते त्याच्या डोक्यावरून जात होतं. आयुष्य त्याच्या हातात नव्हतंच, ते बरबाद कुठून होणार. हात मात्र होता. हात उचलत नाही म्हणजे गाडा ओढता येत नाही, पोतं उचलता येत नाही. हे त्याला एका रात्रीत पटलं. डॉक्टरनं केळी खा म्हणून सांगितलं, तेही पटलं, कारण केळी मिळतात.

दाखल करताना 'नातेवाईक' म्हणून सही कुणाची, यावरून अडलं. मी केली, पण रात्री त्याच्याजवळ थांबला तो गाडा ढकलत आलेला पोरगा. भाजलेल्या मनगटाचा. तीन रात्री तो खाटेखाली झोपला. त्या तीन रात्री त्यानंही ओढलं नाही, हे आमच्या वहीत आहे.

यानंतर खरा घोळ सुरू झाला. बारक्या म्हणाला, "आता सोडतो, पण ऱ्हाऊ कुठं?" कायद्यात वाट आहे. बालन्याय कायद्याचं कलम ९३ समितीला अधिकार देतं की व्यसनी मुलाला उपचाराच्या ठिकाणी पाठवावं. आम्ही ठिकाण शोधायला निघालो. एका व्यसनमुक्ती केंद्रात सगळे चाळीस-पन्नाशीचे दारू पिणारे पुरुष, आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ म्हणतो की अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवा आणि दाखल असेपर्यंत त्याच्यासोबत त्याचं माणूस कायम राहू द्या. माणूस असतं तर तो फलाटावर असता का? एका वसतिगृहानं सांगितलं, आधी पंधरा दिवस नशा सोडून दाखवू दे, मग घेतो. एका निवारा केंद्रानं सांगितलं, अठराच्या आतला चालत नाही, आणि नशेतला तर मुळीच नाही. शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या योजनेत दर एक लाख वस्तीमागं शंभर जणांची सोय धरलेली होती. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती. म्हणजे कागदावर पाचशे जागा. त्यातली एकही पंधरा-सोळा वर्षांच्या, अजून ट्यूब न सुटलेल्या पोरासाठी नाही.

'आधी सोड, मग ये.' हे वाक्य मला त्या महिन्यात पाच जागी ऐकू आलं, आणि प्रत्येकानं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. ज्याला रात्र काढायला ट्यूब लागते त्याला सांगायचं की पंधरा रात्री ट्यूबशिवाय रस्त्यावर काढ, मग आम्ही तुला छप्पर देऊ. पोहता आलं की मगच पाण्यात उतर, त्यातलं हे.

घर

आजारपणात त्यानं घरचं नाव सांगितलं होतं. जत तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव, घरात अर्धं कानडी अर्धं मराठी. आई गेलेली, बाप दुसरं लग्न केलेला, ऊसतोडीला जाणारा. आम्ही गेलो तेव्हा आज्जी उंबऱ्यात बसली होती. तिनं पहिलं विचारलं, "जेवतंय का?" जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखला मिळाला. जन्म फेब्रुवारी २००६. म्हणजे आम्हाला भेटला तेव्हा सोळाही पुरे नव्हते. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणं शाळेचा दाखला असला की हाडांची तपासणी करावी लागत नाही. त्या एका कागदानं पुढचं बरंच सोपं केलं, आणि काही अवघड.

दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, समितीच्या आदेशानं त्याला घरी सोपवलं. फाइलमध्ये 'कुटुंबात पुनर्स्थापना' असा शिक्का बसला. आमच्या अहवालात ते यश म्हणून गेलं. दिवाळी झाली आणि मुकादमाचा ट्रक आला. बापानं उचल घेतली होती ती दीड कोयत्याची: नवरा-बायको मिळून एक, आणि बारक्या अर्धा. पोरगं परत आलं म्हणून बाप खूश होता, तो या हिशेबानं. टोळी वाळवा तालुक्यात पडली. पहाटे चारला थळ, म्हणजे तोडीचं शेत, रात्री ट्रॅक्टर भरणं, पाचटाची खोप. बारक्यानं दोन आठवडे कोयता चालवला. मग एका रात्री ट्रॅक्टरवरून कारखान्यापर्यंत, तिथून एसटीनं सांगली, तिथून चालत मिरज. आयर्विन पुलावर थांबून त्यानं कृष्णेचं पाणी बघितलं, असं त्यानं सांगितलं. का, ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

बापाला नुसता दोष देणं मला जमत नाही. त्याच्यावर उचल होती. पण 'मुलाची खरी जागा घर' हे वाक्य लिहिताना आम्ही त्या घरात रात्री कोण कुठं झोपतं, एवढं तरी बघायला हवं होतं. टोळीच्या खोपीत बारक्यासाठी वेगळी जागा नव्हती. तो ट्रॉलीखाली झोपत होता.

गॅरेज

हा भाग थोडक्यात सांगते, कारण अजून लाज वाटते. २०२३ च्या सुरुवातीला आम्ही त्याला दुचाकीच्या गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लावलं. त्याला गाड्यांची आवड होती, मालक भला होता. तिसऱ्या आठवड्यात मालकाचा फोन आला. पोरगा थिनरच्या डब्याजवळ गुंगून पडला होता. पेट्रोल, थिनर, ट्यूब, सगळं हाताशी. हुंगायची सवय असलेल्या मुलाला गॅरेज, रंगकाम, फर्निचर पॉलिश, चपला दुरुस्ती या चार कामांना पाठवू नये, हे समजायला काही शास्त्र लागत नाही. पण आपल्याकडं 'पोरांना काहीतरी हुन्नर' म्हटलं की हीच चार कामं आठवतात. मिरजेतली सतारमेकरांची गल्लीसुद्धा आमच्या यादीत होती. तिथं लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये करतात.

त्याच वर्षी मुलांसाठीच्या १०९८ या मदतवाहिनीची यंत्रणा संस्थांकडून शासनाच्या महिला व बालविकास खात्याकडं गेली. जी माणसं बारक्याला ओळखत होती त्यातली दोघं गेली. नव्या माणसांनी फाइल वाचून त्याला पुन्हा वय विचारलं. तो अठरा म्हणाला.

चहा

सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानं स्वतःच काम शोधलं. दवाखान्यांच्या रांगेत रात्री चहाचा गाडा लावणारा एक जण आहे. रात्री नऊ ते सकाळी सात. नातेवाईक, वॉर्डबॉय, अँब्युलन्सचे ड्रायव्हर, सगळे तिथं येतात. त्याला भगुणी घासायला आणि थर्मास घेऊन वॉर्डांच्या दारापर्यंत जायला पोरगं हवं होतं. बारक्या लागला. सकाळी नऊला तो त्याच चहावाल्याच्या दुधाचे कॅन ठेवायच्या खोलीत झोपायचा, दुपारी चारला उठायचा. दिवसा झोपणाऱ्याला कुणी काठी मारत नाही. रात्री तो दिव्याखाली, माणसांत, शेगडीजवळ. म्हणजे उरूसच, रोजचा.

ऑक्टोबरच्या वहीत ट्यूबसमोर सहा खुणा. नोव्हेंबरात चार. आमच्या एकाही योजनेनं हे केलं नव्हतं.

आता अडचण. बारक्या सतरा वर्षं सात महिन्यांचा होता. बालमजुरीच्या कायद्याप्रमाणं चौदा ते अठरा वयाच्या किशोराला संध्याकाळी सात ते सकाळी आठ कामावर ठेवता येत नाही. नियम योग्य आहे, रात्रीच्या कामातली पिळवणूक मी पाहिलेली आहे. माझा सहकारी म्हणाला, तक्रार करायला हवी, आज याला सूट दिली तर उद्या धाब्यावरच्या दहा पोरांना काय सांगणार? त्याचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, तक्रार केली तर तो आज रात्री कुठं झोपणार ते आधी सांग. आम्ही तीन दिवस भांडलो. शेवटी सगळं जसंच्या तसं लिहून समितीपुढं ठेवलं: कामाचे तास, खोली, पगार, आणि खुणांची वही. चहावाल्याला बोलावून समज दिली गेली. त्यानं वेळ संध्याकाळी चार ते सात अशी केली, आणि बारक्या सातनंतर काम न करता गाड्याजवळच बसून राहू लागला. बसलेला माणूस भगुणी घासतोच. यात कुणी कुणाला फसवलं, की सगळ्यांनी मिळून शहाणपण केलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अठरा वर्षांचा झाला आणि फाइल बंद झाली. बालन्याय कायद्याच्या कलम ४६ प्रमाणं बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला पुढं आधार मिळू शकतो. बारक्या बालगृहातून बाहेर पडला होता खरा, पण सोळाव्या वर्षी, भिंतीवरून. आता निवारा केंद्राचं दार त्याला उघडं होतं. त्याला ते लागत नव्हतं.

जूनमधली एक रात्र

फाइल बंद झाली तरी मी जाते. २०२५ च्या जूनमध्ये पाऊस होता, गाड्यावर निळा कागद बांधलेला. बारक्या आता अर्ध्या गल्ल्याचा मालक आहे. पायातल्या मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत, थर्मास घेऊन जिना चढताना कळतं. ट्यूब सुटली का, असं मी विचारत नाही. तो स्वतःच सांगतो. "ह्या महिन्यात दोन. गाडा बंद होता त्या राती." भाजलेल्या मनगटाचा पोरगा हुबळीकडच्या गाडीत बसून गेला तो परतला नाही.

बाकड्याच्या टोकाला बारा-तेरा वर्षांचं एक नवीन पोरगं बसलं होतं. हातात बशी, शर्टाच्या बाहीला गोंदाचे वाळलेले डाग. मी फोन काढला तसा बारक्या माझ्याजवळ आला.

"ताई, आत्ता नका नेऊ. रातचं नेलं की पळतंय. सकाळी न्या, चहा पिऊन."

पावणेदोन वाजले होते. समितीपुढं न्यायला चोवीस तास असतात. मी १०९८ ला कळवलं, सकाळी सातची वेळ लिहून घेतली, आणि छत्री मिटून बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधली जागा त्या पोरानं हळूहळू आडवी होऊन भरली. बारक्यानं रात्रभरात मला तीन चहा दिले. दोनचे पैसे घेतले.